तेविसाव्या प्लेटेपासून

१२ जानेवारी

ती. मामास,

तुला फोन करणं म्हणजे विहिरीत ओरडणं. मी 'मामा, आनंदाची बातमी!' म्हणते आणि तू 'कोण आजारी?' विचारतोस. कानाचं यंत्र तू डबीत जपून ठेवणार आणि घसा मी बसवून घेणार, त्यापेक्षा पत्र बरं.

तर बातमी अशी. आमच्या स्टुडिओला तुझ्या जुन्या संग्रहालयाचं काम मिळालंय. तिथली हातानं काढलेली चित्रं स्कॅन करायची, पडद्यावर साफसूफ करायची आणि मग ती नव्या दालनात भिंतीएवढी मोठी दिसणार. पहिला गठ्ठा माझ्याच टेबलावर येऊन पडला. वर चिठ्ठी होती, 'भुंगे, चाळीस प्लेटा', आणि खाली तुझं नाव! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्याच्या हातातला कॉफीचा कप हिंदकळला. साहेब म्हणाले, सख्खे मामा का? मग हे काम तुझंच.

मामा, मी तुला इतकी वर्षं ओळखते आणि तू हे असलं काम केलं आहेस हे मला माहीत नव्हतं. एका प्लेटेत, म्हणजे एका पानावर, एकच भुंगा, तळहाताएवढा, नुसत्या पेन्सिलीत. पण आता माझी अडचण ऐक. बाविसाव्या प्लेटेपर्यंत भुंग्याच्या पाठीवरची चमक तू कोरा कागद राखून दाखवली आहेस. चांगलं आहे, नेटकं आहे. तेविसाव्या प्लेटेपासून मात्र तुझा हातच बदलला. आधी सगळी पाठ काळी करून टाकली आहेस आणि मग त्या काळ्यातून रबरानं उजेड वर काढला आहेस. भुंगा ओला वाटतो, आता चालायला लागेल असा. हे कसं केलंस?

एकतिसाव्या प्लेटेचा एक पंख कसरीनं खाल्लाय. तेवढा तुकडा मला पडद्यावर नवा काढायचा आहे. माझ्याकडे रबर चाळीस तऱ्हेचे आहेत. कडक कडेचा, मऊ कडेचा, पेन दाबलं की जास्त खोडणारा, निम्मंच खोडणारा. मऊ फिरवला की धुकं होतं, कडक फिरवला की भुंग्याला टक्कल पडतं. जरा शिकव.

आई बरी आहे. तिला सांगितलं तर 'बरं' म्हणाली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेली. तिला चित्रातलं काही कळत नाही, तुला माहीतच आहे.

तुझी
ठकी

२१ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या डोळ्यांना, दिवसभर पडद्यासमोर बसतेस म्हणून.

पत्र वाचून बरं वाटलं. त्या प्लेटा अजून आहेत म्हणायच्या. मला वाटलं होतं कसरीनं कधीच जेवून घेतल्या असतील.

रबराचं विचारलंस, तर सांगतो. लोक पेन्सिल निवडताना दहा दुकानं फिरतात आणि रबर मात्र गल्ल्यावर पडलेला असेल तो उचलतात. पांढरा प्लास्टिकचा रबर रेघ साफ काढतो, पण त्याचा चुरा फार पडतो. तो चुरा फुंकायचा नाही. फुंकताना थुंकी उडते आणि तिचा डाग जन्मभर जात नाही. मऊ कुंचल्यानं झाडायचा. दुसरा, कणकेसारखा मळायचा राखाडी रबर. त्याला हवं तसं टोक करता येतं आणि तो कागदाला इजा करत नाही. तो काळा झाला की मळून आतली बाजू वर आणायची, अगदीच हाताबाहेर गेला की फेकायचा. तिसरा शाईचा रबर. त्यात वाळू असते. तो शाई काढत नाही, शाईखालचा कागदच खरवडून काढतो. नाइलाज असेल तरच त्याला हात लावावा. आणि खोडायच्या जागेवर पातळ पत्र्याची भोकाची पट्टी ठेवावी, म्हणजे शेजारची रेघ वाचते.

माझ्या काळी रबर कापून त्याची कड धारदार ठेवायचे. आमच्या खात्यात एक म्हातारा चित्रकार होता, तो कुणाला आपला रबर द्यायचा नाही. बायको देईन म्हणायचा, रबर नाही. बायकोनं ते एकदा ऐकलं, मग बिचाऱ्याला दोन्ही नाही मिळालं.

चमकेचं म्हणशील तर ते हाताला वळण पडलं की होतं. लिहून सांगण्यासारखं नाही.

ताई 'बरं' म्हणाली ते कुठल्या सुरात म्हणाली?

तुझा
मामा

४ फेब्रुवारी

ती. मामास,

तू जगातले सगळे रबर सांगितलेस आणि मी विचारलं तेवढंच गाळलंस. असो. घरचे गुरू असेच असतात, फुकटचे म्हणून भाव खातात.

आई नेहमीच्याच सुरात 'बरं' म्हणाली. तिचा सूर मला कधी कळलाय? लहानपणी मला ती खोडरबर घेऊनच द्यायची नाही. बाकीच्या मुलींकडे वासाचे, रंगीत, फळांच्या आकाराचे रबर असायचे आणि माझ्या पेटीत नुसती पेन्सिल. म्हणायची, 'चुकलं तर पुढचं पान घे.' मला वाटायचं आई चिक्कू आहे. पण कागद मात्र ती रीमच्या रीम आणायची, तेव्हा चिक्कू तरी कशी म्हणू?

आता कामाचं. स्कॅन करताना मी दिव्याचा झोत आडवा ठेवते, म्हणजे कागदावरच्या सुरकुत्या दिसतात. तेव्हा एक गंमत दिसली. तेविसाव्या प्लेटेपासून चाळिसाव्यापर्यंत, अठराच्या अठरा पानांवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, तुझ्या सहीच्या खाली, नखाएवढी जागा खरवडलेली आहे. समोरून काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात, मांजराचे केस उलटे चोळल्यासारखे. तिथे काहीतरी बारीक लिहिलेलं होतं असं वाटतं. भिंग लावून पाहिलं, अक्षर काही लागेना.

साहेब म्हणतात, डाग समज आणि साफ कर, मोठ्या पडद्यावर घाण दिसेल. पण मूळ कागदांना बुरशी लागली आहे. स्कॅन झाले की संग्रहालय त्यांच्या कडा कापून नव्या पुठ्ठ्यावर चढवणार आहे. म्हणजे तो कोपराच उरणार नाही. जे काही आहे ते आता माझ्याच फायलीत आहे. म्हणून साफ करण्याआधी तुला विचारते. ते काय होतं? ठेवू की खोडू?

ठकी

१० फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

ते काही नाही. ऑफिसचा शिक्का चुकीच्या जागी पडला होता, तो मी शाईच्या रबरानं काढला. साफ करून टाक. साहेबांचं ऐकावं.

हे ताईला दाखवत बसू नकोस. तिला त्यातलं काय कळणार?

मामा

२८ फेब्रुवारी

ती. मामास,

झालं! अठराही कोपरे गुळगुळीत. तुमच्या वाळूच्या रबरानं कागद दुखावतो, माझ्या रबरानं ओरखडासुद्धा उठत नाही. कुणी कितीही आडवा उजेड टाकला तरी आता तिथे काही सापडायचं नाही. तसा आमच्याकडे अनडू असतो, चुकलं की पाऊल मागे. पण फाइल बंद करेपर्यंतच. सगळे थर एक करून मी फायली बंद केल्या, आणि कच्चे स्कॅन फार जागा खातात म्हणून तेही पुसले. एकतिसाव्या प्लेटेचा पंख मात्र मला जमला नाही तो नाहीच. आहे तसा खाल्लेलाच ठेवला.

दालन १५ मार्चला उघडतंय. मूळ चित्रकार म्हणून तुला पहिल्या रांगेत खुर्ची आहे. आई आधी नको म्हणाली. मग काल अचानक विचारलं, 'तो येणार आहे का?' मी म्हटलं, अर्थात. तर म्हणाली, 'बघू.' आज सकाळी पाहते तर कपड्यांना इस्त्री करत होती. तेव्हा मामा, कानाचं यंत्र लाव आणि ये. तुम्ही दोघं शेवटचे एका खोलीत कधी बसला होतात, ते मला आठवतसुद्धा नाही.

ठकी

१० मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

गुडघ्यानं फार धरलंय. जिना उतरवत नाही. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी.

मामा

१९ मार्च

मामा,

तुझा गुडघा कसा आहे ते मी विचारत नाही. रागावू नकोस, किंवा रागाव.

पंधरा तारखेला आम्ही दोघी गेलो. दालनात अंधार आणि समोर भिंतभर तेविसावी प्लेट. माणसाएवढा भुंगा. आईनं आत पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थांबली. मला वाटलं, अंधारात तिला पायरी दिसली नाही. मी हात धरायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

संग्रहालयाचे अधिकारी पाहुण्यांना माहिती देत होते. पाठीवरच्या चमकेकडे बोट दाखवून ते म्हणाले, 'इथे पांढरा रंग किती कौशल्यानं लावलाय पाहा.'

आई म्हणाली, 'रंग नाही तो.'

ती लोकांत कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. दुकानात सुटे पैसे मागायचे तरी मला पुढे करते. सगळे वळून पाहायला लागले.

अधिकारी हसून म्हणाले, 'मग काय आहे?'

'कागदच आहे. काळं करून रबरानं उचललंय. रबर फिरवायचा नसतो, टेकवायचा आणि उचलायचा. पाखरू दाणा टिपतं तसा.'

'तुम्हाला कसं माहीत?'

मी आईच्या वतीनं म्हटलं, 'मूळ चित्रकारांच्या बहीण आहेत त्या.' सगळ्यांनी 'अच्छा' म्हणून मान हलवली आणि पुढची प्लेट बघायला गेले. आई मात्र भिंतीजवळ गेली, खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी, आणि तिथे बराच वेळ उभी राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, मामा. मीच साफ केलं होतं.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, 'मामा काढायचा तेव्हा तू शेजारी बसून बघायचीस का?'

ती म्हणाली, 'नाही.' आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर मला राहवेना. मी जाड कागद काढला, पेन्सिलीनं चांगला काळा केला, मळायचा रबर तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, 'दाखव.' ती नको म्हणाली. मी तिथेच बसून राहिले. पाचेक मिनिटांनी तिनं रबर उचलला, दोन बोटांत मळला, नखानं त्याला टोक काढलं. हात थरथरत होता. कागदाला टेकला की मात्र थांबायचा. टेकवला, उचलला, टेकवला, उचलला. माझ्या डोळ्यांदेखत त्या काळ्या चौकोनाला पाठ फुटली, पाठीवर ओल आली. तोच भुंगा. मी दोन महिने चाळीस रबरांनी झटले ते तिनं चहा निवायच्या आत केलं.

मग रबर खाली ठेवून म्हणाली, 'स्वस्तातला आणलास. चिकटतोय.' आणि उठून गेली.

मी सदतीस वर्षांची आहे, मामा. माझी आई चित्र काढते हे मला परवा कळलं.

त्या अठरा कोपऱ्यांत शिक्का नव्हता. काय होतं ते माझ्या ध्यानात आलंय. तरी ते तू लिहावंस असं मला वाटतं. तिला मी विचारणार नाही. तुला विचारते आहे.

ठकी

१६ एप्रिल

चि. ठकीस,

चार कागद लिहून फाडले. हा पाचवा.

संग्रहालयात लागून मला दुसरंच वर्ष होतं. नोकरी कायम नव्हती. चाळीस प्लेटा वर्षअखेर द्यायच्या, त्या झाल्या तर कायम करू, असं मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. बावीस झाल्या आणि मी जिन्यावरून पडलो. उजवं मनगट मोडलं. कुणाला सांगितलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं. मी घरून काम करायची परवानगी काढली, टाचलेल्या भुंग्यांच्या पेट्या घरी आणल्या आणि ताईसमोर रडलो.

मला चित्र तिनंच शिकवलं होतं. माझ्याहून ती पाच वर्षांनी मोठी, आणि हाताची माझ्याहून कितीतरी मोठी. तिचं लग्न ठरलेलं होतं, घरात शंभर कामं होती. तिनं काही विचारलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर बसली आणि अकरा आठवड्यांत अठरा प्लेटा काढल्या. मी गळ्यात हात अडकवून शेजारी बसायचो आणि तिच्या पेन्सिलींना डाव्या हातानं टोकं करायचो. तेवढंच माझं त्या प्लेटांमधलं काम. वरची माझी सहीसुद्धा मी नंतर केली.

शेवटची प्लेट झाली तेव्हा ती म्हणाली, 'तुझ्या नावाखाली माझं एवढंसं असू दे. मुंगीएवढं.' मी हो म्हणालो. ठकी, मी हो म्हणालो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिनं बोरूच्या टोकानं, शाईत, अठरा ठिकाणी आपलं नाव लिहिलं. भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतकं बारीक.

प्लेटा द्यायच्या आदल्या दिवशी मी दुपारी खोलीचं दार लावून बसलो. बाहेरच्या माणसाचं काम म्हणून साहेबांनी परत केल्या असत्या, हे खरं. पण साहेबांना विचारून पाहायची हिंमतही मी केली नाही. पत्र्याच्या पट्टीचं भोक तिच्या नावावर ठेवलं आणि शाईचा रबर फिरवला. अठरा वेळा. पहिल्या वेळी हात थरथरला. अठराव्या वेळी थरथरला नाही, आणि मला जास्त लाज त्याचीच वाटते.

प्रदर्शन भरलं. ती आली. तेविसाव्या प्लेटेच्या कोपऱ्याशी वाकली. मग चोविसाव्या. मी लांबून बघत होतो. ती एकेक करत चाळिसाव्यापर्यंत गेली. मग माझ्याकडे आली, 'छान झालीत रे चित्रं' म्हणाली आणि निघून गेली. माझी नोकरी कायम झाली. पुढे खात्याचा प्रमुख झालो तो याच प्लेटांवर. नंतरच्या माझ्या कामात ती चमक का नाही, असं एकदोघांनी विचारलं. मी सांगितलं, डोळे अधू झालेत.

तीनदा तिला सांगायला गेलो. तिच्या लग्नाच्या आधी एकदा, तुझे वडील गेल्यावर एकदा, आणि तू चित्रकलेच्या कॉलेजात गेलीस तेव्हा एकदा. तिन्ही वेळा तिनं चहा दिला, मी चहा प्यायलो आणि परत आलो. मग जाणंच कमी केलं.

आणि फेब्रुवारीत तू लिहिलंस, की कागदाच्या कडा कापणार आहेत आणि जे आहे ते फक्त तुझ्या फायलीत उरलंय. तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. म्हणून शिक्क्याची थाप मारली. एकदा मी माझ्या हातानं खोडलं, दुसऱ्यांदा तुझ्या हातानं खोडवलं. तेही तिच्या मुलीच्या.

परवा संग्रहालयात गेलो होतो. गुडघा मार्चमध्येही चांगला होता, आताही चांगला आहे. सगळं लिहून अधिकाऱ्यांच्या हातात दिलं आणि सही केली. हे पत्र तू ताईला दाखव. दाखवू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. तिनं हो म्हटलं तर भेटायला येतो.

मामा

२७ मे

मामा,

पत्र आईला दिलं. तिनं चष्मा लावला, ओट्याशी उभ्यानंच वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. मग मला विचारलं, 'तू जेवलीस का?' मी जेवले नव्हते. तिनं वाढलं. तुझ्याविषयी एक अक्षर बोलली नाही. तेव्हापासून रोज वाट बघते आहे, अजून बोललेली नाही.

संग्रहालयाचं उत्तर परवा आलं. तुझं निवेदन त्यांनी फायलीला जोडलंय. पण रजिस्टरात नाव तुझं, मूळ कागदांचे कोपरे कापले गेलेले, आणि स्कॅन स्वच्छ. पुराव्याशिवाय चित्रकाराचं नाव बदलता येत नाही म्हणतात. मी साहेबांच्या पाया पडायचीच बाकी होते. म्हटलं, कच्चे स्कॅन कुठेतरी उरले असतील. नाहीत. मी काम चोख करते ना. आईनं रबरानं काढून दाखवलेला तो कागद घेऊन मी स्वतः अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी तो नीट पाहिला, फार सुंदर आहे म्हणाले, आणि परत दिला.

शेवटी त्यांनी एक ओळ वाढवायचं कबूल केलं. काल ती पडद्यावर आली. तुझ्या नावाखाली, लहान अक्षरांत: 'साहाय्य : चित्रकाराच्या भगिनी'.

नाव नाही, मामा. मी नाव लिहून दिलं होतं. नावाचा रकाना भरायला कागदपत्र लागतात म्हणे.

आईला मोबाइलवर दाखवलं. तिनं वाचलं आणि हसली. खरोखरची हसली, डोळे पुसावे लागले इतकी. म्हणाली, 'पेन्सिलींना टोकं करणाऱ्याचं नाव वर आणि साहाय्य माझं!' मग हसू थांबलं आणि ती आत गेली.

मी तुझ्यावर रागावले आहे. पण राग पूर्ण करता येत नाही. रबर मीही फिरवला. तुला विचारलं होतं, म्हणून माझ्यावर दोष नाही, असं ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात. पण आई त्याच घरात, पलीकडच्या खोलीत होती. तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण तिला चित्रातलं काही कळत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

ठकी

२१ जून

बाबू,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तर लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. ठकी रोज माझ्या तोंडाकडे बघते, तिच्यासाठी लिहिते आहे असं समज.

तू लिहिलंस ते खरं आहे. फक्त एक चुकलं. प्रदर्शनात मी 'छान झालीत रे चित्रं' असं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, 'विचारायचं तरी होतंस.' तू तेव्हा माझ्या खांद्यावरून तुझ्या साहेबांकडे बघत होतास. ऐकलंच नाहीस. तेव्हा तुझे कान चांगले होते. इतकी वर्षं मी समजत होते की तू ऐकूनही गप्प बसलास. आणि तू समजत होतास की मी कौतुक करून गेले. काय म्हणावं आपल्याला?

विचारलं असतंस तर मीच खोडून दिलं असतं, बाबू. तुझ्याहून चांगलं खोडलं असतं, तंतू उठू दिले नसते. तुझी नोकरी मला माझ्या नावापेक्षा मोठी होती. पण तू दार लावून बसलास.

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. लोक समजतात संसारात माझं चित्र सुटलं. तसं नाही. मी ते तुला शिक्षा म्हणून सोडलं. वाटलं, सहा महिन्यांत विचारशील, 'ताई, हल्ली काढत नाहीस का?' विचारलंस की सगळं बोलायचं, भांडायचं, आणि मग पुन्हा काढायला बसायचं, असं ठरवून ठेवलं होतं. वर्ष गेलं. तू विचारलं नाहीस. पाच वर्षं गेली. पुढे पुढे तर पेन्सिल हातात घेणं म्हणजे आपण हरलो असं वाटायला लागलं. शिक्षा तुला दिली होती, तुला पत्ताही नाही, आणि ती भोगत मी बसले.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. ठकी सहा वर्षांची असताना घोडा काढत होती. मागचा पाय तिला जमत नव्हता. रडत होती, पानावर पान फुकट घालवत होती. मला दोन रेघांत दाखवता आलं असतं. मी मोरीत भांडी घासत राहिले, नळ मोठा सोडला. तिनं मग तो घोडा गवतात उभा केला, म्हणजे पाय दिसायला नकोत. हुशार पोर. पुढे जे शिकली ते परक्यांकडून शिकली. आपली आई अडाणी आहे असं समजत मोठी झाली. हे तू केलेलं नाहीस. याचा दोष मी तुझ्यावर घालून पाहिला, बसला नाही. हे माझंच आहे.

गेल्या आठवड्यात तिनं मला तिच्या पडद्यासमोर बसवलं. हातात पेन दिलं. हात फार थरथरतो, रेघ शेवयांसारखी येते. ती म्हणाली, 'घाबरू नकोस आई, चुकलं तर मागे जाता येतं.' मी विचारलं, किती मागे? म्हणाली, साधारण पन्नास रेघा. मी पेन खाली ठेवलं. तिला वाटलं माझा हात दुखला.

पण आता रोज संध्याकाळी कामावरून आली की ती माझ्याजवळ कागद घेऊन बसते. मी काढत नाही, तिच्या हाताकडे बघून सांगते. कुठे दाबायचं, कुठे सोडून द्यायचं. काल तिच्यावर ओरडले. तीही ओरडली. बरं वाटलं.

तू भेटायला येतो म्हणतोस. इतक्यात येऊ नकोस. समोर बसलास की मी चहा ठेवीन, तू चष्मा पुसशील आणि आपण काहीच झालं नाही असं वागू. ते आपल्या दोघांना फार छान जमतं. त्यापेक्षा लिहीत जा. मनात येईल ते लिही, फाडू नकोस. मी वाचीन. उत्तर येईलच असं धरून चालू नकोस.

ताई